अनुभव धागा: घरी भरलेली काडतुसं

गवताळ_माळ:
शेजारच्या आजी काल एक खोका देऊन गेल्या. आजोबा हिवाळ्यात गेले. खोक्यात त्यांच्या डाय (काडतूस घडवायचे पोलादी साचे), लांबी मोजायचा कॅलिपर, बंदुकीची दारू तोलायचा काटा आणि भरलेल्या काडतुसांचे प्लास्टिकचे डबे. प्रत्येक डब्यावर त्यांच्या हातची चिठ्ठी: गोळी कोणती, दारू कोणती, किती ग्रेन (दारूच्या वजनाचं माप), प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) कुठला, तारीख. रात्री उशिरापर्यंत तेच वाचत बसलो.

आम्ही वायोमिंगच्या पूर्व भागात राहतो. आजोबांची गुरं होती आणि लसूणघासाचं शेत. त्यात प्रेअरी डॉगची, म्हणजे बिळं करून राहणाऱ्या खारीच्या जातीच्या प्राण्यांची, वसाहत शिरली की गवत संपतं, आणि बिळांत गुरांचे पाय जातील ही धास्ती वेगळी. त्यासाठी त्यांची .२२२ रेमिंग्टन काडतुसाची रायफल. हे काडतूस १९५० सालचं. एकेकाळी नेमबाजीच्या स्पर्धांत याचंच राज्य होतं, पण पुढे .२२३ आलं आणि हे मागे पडलं. आता दुकानात सहज मिळत नाही, मिळालं तरी महाग. म्हणून घरी भरायचं.

मला त्यांनी शिकवलं. झाडलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, फुगलेली असते, ती डायमध्ये दाबून मापात आणायची. त्याच दाबात जुना प्रायमर खाली पडतो. पुंगळीची मान (गोळी धरणारा वरचा अरुंद भाग) लांबली असेल तर कापायची. नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलायची, ओतायची, वर गोळी बसवायची. दारूचा हिशेब ग्रेनमध्ये, एका पौंडात ७००० ग्रेन. आजोबा एक दशांश ग्रेन इकडचा तिकडे होऊ देत नसत, म्हणजे जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम. नवी दारू किंवा नवी गोळी आली की काडतुसं भरायच्या पुस्तकातल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात, मग हळूहळू वर. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. रेडिओ बंद. दारू ओतून झाली की पुंगळ्या ठोकळ्यात ओळीने उभ्या करायच्या आणि टॉर्च घेऊन एकेकीत डोकावायचं. एखादी रिकामी राहिली तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अडकू शकते, आणि मागून दुसरी झाडली की नळी फाटते. हे ते दर वेळी सांगायचे, मला पाठ झाल्यावरसुद्धा.

त्यांचा आणखी एक नियम होता. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. आता त्यांनी भरलेली काडतुसं माझ्याकडे आली आहेत. मी ती झाडणार नाही, एवढं ठरलंय. पुढे काय करावं ते कळत नाही.

तुमच्यापैकी कुणी भरत असाल, घरात कुणाला भरताना बघितलं असेल, तर लिहा ना.

डोंगरवाट:
आजोबांना नमस्कार. फार बरं वाटलं वाचून.
काडतुसं खोला. गोळी उपसायचा हातोड्यासारखा पुलर मिळतो, त्यात काडतूस उलटं अडकवून लाकडाच्या ओंडक्यावर आपटायचं, गोळी आणि दारू बाहेर येते. डोळ्यांवर चष्मा हवाच. गोळ्या आणि पुंगळ्या वापरता येतात. दारू मात्र परत भरू नका, चिठ्ठी कितीही नीट असली तरी. मी अशी दारू अंगणातल्या गवतावर पातळ पसरतो.

डोंगरवाट:
आणि प्रायमर असलेल्या पुंगळ्या जपून ठेवा!! २०२१ आठवतंय ना? हजार प्रायमरचा खोका जो तीस-पस्तीस डॉलरला यायचा त्याचे लोक शंभरावर मागत होते. मी ते वर्ष नुसतं पुंगळ्या घासण्यात काढलं.

सुपारीची_बाग:
आमच्याकडे ठासणीची बंदूक. आजोबांच्या नावावर शेती संरक्षणाचा परवाना होता, मग बाबांच्या नावावर. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी घालून गजाने ठासायची, मग छर्रे, परत चिंधी, शेवटी केप (ठिणगी देणारी छोटी टोपी). दारूचं माप म्हणजे पितळेची छोटी नळी, त्याबाहेर एक कण नाही. गजाला खूण केलेली होती, भरल्यावर गज किती वर राहतो त्यावरून बार किती बसला ते कळायचं. आम्हा पोरांना पडवीत यायला बंदी. आजी सांगायची, "ते बार भरतत, आवाज करू नकात." तुमच्या आजोबांचा रेडिओ बंद आणि आमची पडवी गप्प.
निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. नेमका काजूचा मोसम. माकडां झाडार एक नारळ ठेवनत नाय.

नवा_पाहुणा:
मी टेक्सासला, एच-वन व्हिसावर. मला घेता येते का हो रायफल? मित्र कायोटीच्या (इथला कोल्ह्यासारखा प्राणी) शिकारीला बोलावतोय.

गवताळ_माळ:
@नवा_पाहुणा, एच-वनवर फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्हींना मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते. राज्याचे नियम वेगळे. वकिलाला विचारल्याशिवाय मित्राचीसुद्धा हातात घेऊ नका. आणि हे वाचून भारतात कुणी करून बघू नका, तिथे परवान्याशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे.

@सुपारीची_बाग, गजावरची खूण फार आवडली. भरल्यावर मापाची खात्री आम्हीही करतो, कॅलिपरने काडतुसाची लांबी बघून.

भोंगा_सातचा:
बाबा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. तिथे काडतुसंच बनतात. घरी या विषयावर एक शब्द बोलायचे नाहीत. आईने विचारलं तर "पितळ" एवढंच उत्तर. पण कपाटातले डबे सगळे एका रेषेत, झाकणावर तारीख. लोणच्याच्या बरणीवरसुद्धा. धाग्यातली ती चिठ्ठी वाचली आणि बाबा आठवले. बाकी मला यातलं काही कळत नाही.

केळीचा_घड:
@भोंगा_सातचा वरणगाव?? आम्ही भुसावळचे! रेल्वे क्वार्टर. बाबांना वाटेत भेटले असतील तुमचे.

भोंगा_सातचा:
@केळीचा_घड अगं नक्कीच! भरीताच्या वांग्यांसाठी बाबा दर रविवारी भुसावळच्या बाजारात.

चिमणी_अंगणी:
मला हे वाचताना त्रास झाला, तरी लिहिते. प्रेअरी डॉग ही कीड नाही. काळ्या पायांचं फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी) त्यांच्यावरच जगतं. ते नामशेष झालं असं सगळे धरून चालले होते, १९८१ साली तुमच्याच वायोमिंगमध्ये मिटीत्सीजवळ ते पुन्हा सापडलं. शिवाय शिशावर पातळ वेष्टण असलेल्या या शिकारीच्या गोळ्या आत फुटून शिशाचे कण होतात. मेलेलं जनावर ससाणे आणि गरुड खातात, विष त्यांच्या पोटात जातं. आजोबांबद्दल आदर आहे. पण हेही बोलायला हवं.

गवताळ_माळ:
@चिमणी_अंगणी, बरं झालं लिहिलंत. शिशाचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मी दोन वर्षांपूर्वी तांब्याच्या गोळ्यांवर गेलो. त्यात एक अडचण आहे. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. या जुन्या रायफलीच्या नळीतले आटे सावकाश फिरणारे, १४ इंचांत एक फेरा. लांब गोळी त्यात स्थिर राहत नाही. म्हणून सर्वांत हलकी घ्यावी लागते, आणि वाऱ्यात ती लवकर वाहवते. मग मी लांबून मारायचं सोडलं. आजोबांना पटलं नव्हतं, पण माझ्यासाठी तांब्याच्या गोळ्यांचं पुस्तकातलं पान त्यांनीच शोधून दिलं.
शेताच्या कडेपलीकडची वसाहत आम्ही कधी छेडली नाही. तिथे बिळांतली घुबडं राहतात.

चिमणी_अंगणी:
घुबडांचे फोटो असतील तर टाका. 🙏

ढगांचा_देश:
न्यूझीलंड, ओटागो. इथे सशांनी डोंगर बोडके केलेत. ईस्टरला अलेक्झांड्रा गावात सशांच्या शिकारीची स्पर्धा भरते, पूर्ण गाव रस्त्यावर. ससा इथला नाहीच, बाहेरून आणलेला, त्यामुळे इथे त्याच्या बाजूने बोलणारं कमी. माझी .२२ हॉर्नेट काडतुसाची रायफल. पुंगळीची मान इतकी पातळ की डायमध्ये जरा तिरकी गेली की चुरगळते. गोळी बसवायच्या आधी मानेचं तोंड आतून किंचित तासून तिरकं करून घेते, मग बरं जातं. पोळ्या करून झाल्या की अर्धा तास भरते. लिहिते नंतर, कुकर झाला.

डोंगरवाट:
@गवताळ_माळ प्रेस (डाय बसवून दाबायचं यंत्र) हिरवा आहे का? आरसीबीएस कंपनीचा? ती कंपनी याच जातीच्या शिकारीतून निघाली. १९४३ साली युद्धामुळे गोळ्या मिळेनात, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या फ्रेड हंटिंग्टनने .२२ च्या वापरलेल्या पुंगळ्यांची वेष्टणं करून गोळ्या दाबायची डाय बनवली. रॉकचक म्हणजे इथला डोंगरी मार्मट, त्याच्या शिकारीसाठी. नावातली पहिली दोन अक्षरं तिथूनच आली.

गवताळ_माळ:
हिरवाच. 🙂

औषधपाणी:
सगळ्यांना एक विनंती. वापरलेल्या प्रायमरच्या राखेत शिसं असतं. पुंगळ्या घासायचं यंत्र घरात लावू नका, विशेषतः कोरडं. त्याची धूळ उडते. काम झालं की थंड पाण्याने साबण लावून हात, मग कपडे वेगळे धुवा. टेबलावर चहा नको. घरात लहान मूल असेल तर त्याच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. हे मी रोज बघते म्हणून सांगते.

ढगांचा_देश:
@औषधपाणी धन्यवाद, माझं यंत्र गॅरेजमध्ये आहे पण कोरडंच. या शनिवारी ओल्यावर जाते. स्टीलच्या बारीक सुया आणि पाणी, बरोबर ना?

औषधपाणी:
हो. आणि ते पाणी भाजीच्या वाफ्यात नको.

सुपारीची_बाग:
माकडांवर कुणाकडे काही उपाय असला तर सांगा रे. जाळी लावून झाली, फटाके झाले, कुत्रा झाला. बंदूक अजून ठाण्यातच आहे.

केळीचा_घड:
@सुपारीची_बाग आमच्या नणंदेकडे दापोलीला राखणीला माणूस ठेवलाय, गलोल घेऊन. त्याला विचारून कळवते. फोन तिच्याकडेच लागत नाही, रविवारपर्यंत थांबा.