हार्ट फेल्युअर : रुग्णालयातून घरी आल्यानंतर ओपीडीतून कोणती मदत मागावी?

प्रश्न

माझ्या वडिलांच्या फुप्फुसांत पाणी साठल्याने त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते. तपासण्यांनंतर हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदय पुरेसे रक्त ढकलू शकत नसल्याचे, निदान झाले. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदयात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर जाणारा भाग, ३० टक्के आले. आता ते घरी आहेत, पायांवरची सूज उतरली आहे आणि रात्री आडवे झोपता येते. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी, ‘मीठ कमी’, ‘पाणी दीड लिटरपर्यंत’ आणि ‘दीड महिन्याने ओपीडीत दाखवणे’ एवढेच लिहिलेले आहे. मधल्या काळात घरी नेमके कशावर लक्ष ठेवायचे आणि ओपीडीकडून कोणती मदत मागणे रास्त ठरेल? शिवाय वडिलांचे म्हणणे असे की आता बरे वाटते आहे, तर इतक्या गोळ्या कशाला. त्यांना काय सांगावे?

प्रतिसाद १

मी हृदयविकार ओपीडीत परिचारिका म्हणून काम करते. माझ्या मते दीड महिना हा काळ फार मोठा आहे. घरी गेल्यावरचे पहिले काही आठवडेच सर्वांत नाजूक असतात आणि पुन्हा दाखल व्हावे लागण्याचा धोका तेव्हाच अधिक असतो; म्हणून पहिली भेट एक ते दोन आठवड्यांत व्हावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. उद्याच फोन करून लवकरची वेळ मागा.

या भेटीचा हेतू केवळ ‘कसे आहात’ विचारण्याचा नसतो. या आजाराची मुख्य औषधे चार गटांतली आहेत: एसीई इनहिबिटर (रक्तवाहिन्या सैल करणारे औषध) किंवा त्याच्या जागी सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन, बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके संथ करणारे औषध), स्पायरोनोलॅक्टोनसारखे औषध आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. यांपैकी बहुतेकांची सुरुवात लहान डोसने होते. तो डोस वाढवण्याचे काम ओपीडीतच व्हायचे असते, आणि तिथे कोणी वाढवला नाही तर रुग्ण वर्षानुवर्षे सुरुवातीच्याच डोसवर राहतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्राँग-एचएफ या चाचणीत डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत पूर्ण डोस गाठण्याचे उद्दिष्ट ठेवून पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात तपासणी व रक्तचाचण्या करण्यात आल्या. १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा दाखल होणे यांचे प्रमाण या गटात १५.२ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेतलेल्यांत २३.३ टक्के होते. तेव्हा भेटीत स्पष्ट विचारा की चारही गटांतली औषधे चालू आहेत का, नसल्यास का नाहीत, आणि पुढचा डोस कधी वाढवणार.

घरी रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढले तर ती चरबी नव्हे, साठलेले पाणी असण्याची शक्यता मोठी. दम लागण्याआधी वजन ही बातमी देते. मात्र वजन वाढल्यावर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा आणि लघवीची गोळी स्वतःहून वाढवण्याची मुभा आहे का, हे आधीच लिहून घ्या. त्यावर कोणी कृती करणार नसेल तर ती वही निरुपयोगी आहे.

प्रतिसाद २

माझ्या पतींना हा आजार बऱ्याच वर्षांपासून आहे, म्हणून काही भर घालते. दुखणे निघाले की घरातली वेदनाशामक गोळी सहज दिली जाते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी शरीरात मीठ-पाणी साठते आणि मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून त्या या रुग्णांना देऊ नयेत. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणारे पर्यायी मीठही तपासून घ्या, कारण त्यात बहुधा पोटॅशियम असते आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना ते रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकते.

पाण्याच्या मर्यादेबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेश-अप या चाचणीत दीड लिटरच्या मर्यादेचा ठळक लाभ दिसला नाही. तहानेचा त्रास तेवढा जास्त झाला. नुकतेच घरी आलेल्या माणसाला ते लगेच लागू करता येणार नाही, पण ही मर्यादा किती काळ पाळायची, हे अवश्य विचारा.

प्रश्नकर्ता

दोघींचेही आभार. भेट पुढच्या आठवड्यात मिळाली आहे. आणखी एक शंका अशी की वडिलांचा रक्तदाब आता १०० च्या आसपास असतो. अशा स्थितीत डोस वाढवणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १

नुसता आकडा कमी असून चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत नसेल, तर सहसा तेवढ्यासाठी औषधे कमी केली जात नाहीत. चक्कर येत असेल तर डॉक्टर आधी लघवीची गोळी गरजेपेक्षा जास्त होते आहे का आणि यादीत रक्तदाबाची एखादी अनावश्यक गोळी उरली आहे का, हे पाहतात. स्पायरोनोलॅक्टोन सुरू केल्यावर साधारण एका आणि चार आठवड्यांनी रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) व पोटॅशियम तपासावे लागते. ती तारीखही ठरवून घ्या. उलट्या किंवा जुलाब झाल्यास कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या, हेही विचारून ठेवा. बसल्या जागी दम लागणे, शुद्ध हरपणे, छातीत दुखणे किंवा फेसाळ गुलाबी कफ पडणे, यांपैकी काहीही झाल्यास ओपीडीची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवावी.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर ट्रेड-एचएफ नावाच्या एका छोट्या चाचणीत आहे. डायलेटेड कार्डिओमायोपॅथीतून (हृदय ताणले जाऊन कमकुवत होण्याच्या आजारातून) ज्यांचे हृदय सुधारून इजेक्शन फ्रॅक्शन पूर्ववत झाले होते आणि ज्यांना काही त्रास उरला नव्हता, अशा रुग्णांची औषधे देखरेखीखाली बंद केली, तेव्हा सहा महिन्यांत त्यांपैकी ४४ टक्के जणांचा आजार परतला. औषधे चालू ठेवलेल्यांत त्या काळात एकाचाही नाही. वडिलांना हे आकडे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, मुलांनी सांगितलेले वडील मंडळी क्वचितच मानतात. त्याच भेटीत देखरेखीखालच्या व्यायामासाठी हृदय पुनर्वसन विभागाची चिठ्ठी आणि फ्लू व न्यूमोकोकल (न्यूमोनियाविरुद्धच्या) लशींबद्दलचा सल्ला मागून घ्या, कारण ओपीडीच्या गर्दीत या दोन गोष्टी आपणहून क्वचितच कोणी काढते.