सासूबाईंचा चिनी गारा : भरतकाम कापून नव्या साडीवर लावावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या सासूबाई माहेरच्या पारशी. त्यांच्या आईकडून आलेली कापराच्या लाकडाची, पितळी कोपऱ्यांची पेटी आता आमच्याकडे आहे आणि त्यात एक जांभळा गारा (चिनी भरतकामाची पारशी रेशमी साडी) आणि निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या काही बशा आहेत. त्यांचे पूर्वज मुंबईहून जहाजाने चीनमधल्या कॅन्टन बंदराला जायचे, जाताना कापूस आणि माळव्याची अफू, येताना चहा, रेशीम, भांडी. १८४२ च्या इंग्रज-चीन तहापर्यंत समुद्रावरून येणाऱ्यांचा जवळपास सगळा व्यापार त्या एकाच बंदरात चालायचा, मुंबईचे प्रसिद्ध पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाईसुद्धा पाच वेळा जाऊन आलेले. अफूचं सासूबाई लपवत नाहीत, नातवंडांनाही सगळं सांगतात आणि मला ते फार पटतं.

तर अडचण गाऱ्याची आहे. भरतकाम अजून इतकं सुरेख आहे की काय सांगू, शेवंतीची एकेक पाकळी गडद गुलाबीपासून पांढऱ्यापर्यंत उतरत जाते, पक्ष्यांच्या पिसांवर रेशमाची चमक तशीच आहे. पण खालचं कापड घड्यांवर विरलंय, नुसतं उलगडलं तरी चिरतं. मुलीचं लग्न ठरलंय आणि सासूबाईंची फार इच्छा आहे की तिने तो नेसावा. एका कारागिराने सांगितलं, भरतकाम कापून नव्या रेशमावर लावून देतो, पुष्कळ घरांत असंच करतात. मला ते जिवावर येतंय, कारण एकदा कापला की मूळ गारा गेला तो गेलाच, पण पेटीत ठेवूनही तो विरतच जाणार हेही दिसतंय. मागून अख्खं अस्तर लावून निदान विधीपुरता नेसता येईल का? कोणी असं करून घेतलंय का?

सध्या घडी मोडून धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून ठेवलाय, डांबरगोळ्या काढून टाकल्यात. ड्रायक्लीनला अजिबात दिलेला नाही.

दुसरं म्हणजे नणंद न्यू जर्सीला असते, तिला बशा हव्यात आणि तिचा हक्कही आहे. पण १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तळाला चिनी शिक्का आहे, पण जुने शिक्के नंतरच्या मालावरही सर्रास मारायचे, त्यामुळे त्यावरून वय ठरत नाही. पुरातत्त्व खात्याकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला मिळतो, तो कोणी काढलाय का? बशा घेऊन जावं लागतं की आधी फोटो चालतात?

मुंबई-पुण्यात जुन्या रेशमाचं जतन करणारं कोणी खात्रीचं माहीत असेल, म्युझियममधलं असलं तरी चालेल, तर प्लीज कळवा. विकायचं काहीही नाहीये, त्यामुळे किमतीचे मेसेज नकोत. लग्न मार्गशीर्षात आहे, कारागिराला त्याआधी हो-नाही सांगायचंय.