मदत हवी आहे: गच्चीवर मधमाश्या मारणारा लाल किडा

गच्चीवरची_सई: धायरीत राहते, गच्चीवर बाग आहे. तुळशीच्या मंजिऱ्यांवर लाल-काळा किडा दबा धरून बसतो, माशी टेकली की पुढच्या पायांनी आवळतो आणि मानेजवळ सोंड खुपसतो, ती जरा फडफडते की संपलं. कुंडीत पोकळ माश्या पडल्यात. तिकडे वेलाची फळं बोटाएवढी होऊन गळतायत. काय मारू? लवकर सांगा प्लीज.

निंबोळी: निंबोळी तेल ५ मिली लिटरला, थोडा साबण. सगळं जातं.

टेकडीवाला: फुलांवर फवारलंत तर उरल्यासुरल्या माश्यांनाही त्रास. जवळ भेंडी आहे का? कापसावरचा लाल ढेकूण असाच दिसतो पण तो बियांचा रस पितो, शिकार नाही करत. फोटो टाका.

गच्चीवरची_सई: भेंडी आहे. फोटोत नुसता लाल ठिपका येतोय. सोंड बाकदार, डोक्याखाली दुमडलेली. माशी धरताना डोळ्यांनी बघितलंय हो!

टेकडीवाला: मग असॅसिन बग, म्हणजे शिकारी ढेकूण, बहुतेक त्यातला ऱ्हायनोकोरिस. लाळ सोडून माशीचं आतलं सगळं पातळ करतो आणि ओढून घेतो. हाताने धरू नका, चावला तर भयंकर आग होते. भेंडीवरच्या अळ्यापण खातो, राहू द्या त्याला.

फुलोरी: राहू द्या काय? अळ्या हाताने वेचता येतात, माश्या कुठून आणणार? डबीत पकडून लांब झाडीत सोडा.

माईआजी: यानेच हृदयाचा आजार होतो ना?

टेकडीवाला: नाही आजी, तो चागास नावाचा आजार, या किड्याच्या रक्त पिणाऱ्या भाऊबंदांमुळे होतो, लॅटिन अमेरिकेत.



फुलोरी: सई, वेल कसला ते सांगितलंच नाहीस.

गच्चीवरची_सई: दुधीचा, अजून कसला.

फुलोरी: अगं दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, त्यावर मुख्यतः पतंग येतात. परागकण न पोचल्याने फळं गळत असतील, तुळशीवरच्या किड्याचा यात फारसा हात नाही. अंधार पडताना ताजं नर फूल तोड, पाकळ्या काढ आणि ज्या फुलाखाली इवलासा दुधी दिसतो त्याच्या मधोमध हलकेच फिरव.

गच्चीवरची_सई: आज करते. पण किडा डबीतच घालणार, तुळस माश्यांसाठीच लावलीय मी.

टेकडीवाला: पानांवर चिकटलेला अंड्यांचा पुंजकाही बघा मग. तरी माझं मत, एखादा ठेवा.

निंबोळी: निदान मुळाशी निंबोळी पेंड तरी घाला.