मदत हवी आहे: बहीण सौंसरकडची, बाळंतपण नागपुरात करायचं आहे. कागद, गाडी, पैसे यांचं काय?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात मानकापूरला राहते. धाकटी बहीण मध्य प्रदेशात दिली आहे, सौंसरच्या पुढच्या एका खेड्यात. घरात मराठीच बोलतात, पण आधार, राशनकार्ड, समग्र आयडी (एमपी सरकारचा कुटुंबाचा ओळख क्रमांक) सगळं तिकडचं. तिला आता आठवा लागला आहे.

पहिलं सिझर झालं होतं. तेव्हा ऐन कळांत जवळच्या दवाखान्यातून छिंदवाड्याला पाठवलं, मधे रात्रीचा सिल्लेवानीचा घाट. बाळ नंतर एसएनसीयूत (आजारी नवजातांच्या खास कक्षात) राहिलं. या खेपेला बीपी १४०/९० च्या आसपास येऊन राहिला आहे आणि हिमोग्लोबिन ८.६. तिला तपासणाऱ्या डॉक्टरबाईच म्हणाल्या की सोय असेल तर नागपूर बरं. सासूबाई मात्र अडून बसल्या आहेत, दुसरं बाळंतपण सासरीच. त्यांचं मी पाहून घेईन, भीती मला कागदांची आहे.

इथल्या डागा किंवा मेडिकल या सरकारी दवाखान्यांत नेलं तर ‘दुसऱ्या राज्याची’ म्हणून परत पाठवतील का? पैसे भरावे लागतील का? रात्री दुखायला लागलं तर तिकडची १०८ नागपूरला आणून सोडते का? आणि जननी सुरक्षा योजनेचे (दवाखान्यात बाळंत झाल्याबद्दलचे) तिकडे खेड्यात १४०० मिळतात, आपल्याकडच्या खेड्यात ७००, शिवाय जावयांचं संबल कार्ड (एमपीतल्या असंघटित मजुरांच्या योजनेचं) आहे, त्यावर प्रसूतीची १६ हजारांची मदत आहे म्हणतात. इकडे बाळंत झाली तर ते बुडतं का? जावई मजुरीवर जातात, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यासाठी लहान नाही.

कोणी यातून गेलं असेल तर सांगा, प्लीज.

गांधीबागची_सिस्टर:
ताई, निवृत्त परिचारिका आहे, उभा जन्म लेबर रूममध्ये गेला. मेडिकल, मेयो, डागा या तिन्ही सरकारी दवाखान्यांत एमपी-छत्तीसगडच्या बाया रोज येतात, त्यात नवल काही नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून देशभर आहे. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण फुकट. आजारी नवजाताचंही फुकट, आणि ते आता वर्षाच्या बाळापर्यंत आहे. पत्ता कुठला म्हणून बिल लागत नाही. कोणी बाहेरून औषध आणायला लावलं तर वॉर्डातच थांबून विचारा, गप्प राहू नका.

आता खरं सांगू? तुमची अडचण कागदाची कमी आणि वेळेची जास्त आहे. आधीचं सिझर, वर बीपी, वर रक्त कमी. अशा बाईने कळा सुरू झाल्यावर निघायचंच नाही. याच आठवड्यात आणा, ओपीडीत नाव नोंदवा, इथल्या डॉक्टरला तिची फाईल कळू द्या. एमसीपी कार्ड (गरोदरपणातल्या तपासण्यांचं माता-बाल कार्ड), सोनोग्राफी, आधीच्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा. ते डिस्चार्ज कार्ड लोक हटकून घरी विसरतात. हिंदीत असलं तरी चालतं. बीपीची गोळी लिहून दिली असेल तर मनाने बंद करू नका. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा सुजला, बरगडीखाली दुखलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी दवाखाना, मग तो कुठल्या का राज्यातला असेना.

पांढुर्णाकर:
गाडीचं आमच्या घरचं सांगतो. वहिनीच्या वेळी १०८ लावली, तर फोन महाराष्ट्राच्या कंट्रोल रूमला लागला. सीमेवर मोबाईल कोणता टॉवर पकडेल याचा नेम नाही बावा. मग तिकडची गाडी आली, तर म्हणे आमच्या राज्यातल्या जवळच्या दवाखान्यात सोडू, नागपूर हवं तर डॉक्टरचं रेफर पत्र दाखवा. शेवटी शेजाऱ्याची बोलेरो. म्हणून रेफर पत्र आत्ताच लिहून घ्या आणि एक खासगी गाडी बोलून ठेवा. वाटेत सावनेरला ग्रामीण रुग्णालय आहे हे लक्षात असू द्या.

धागाकर्ती:
सिस्टर, खूप आभार. आणायचं ठरवते. पण मग दीड-दोन महिने ती माझ्याकडेच राहील. तिकडच्या आशा दीदींचं काय? आणि पैशाचं राहिलंच.

गांधीबागची_सिस्टर:
हे बरं विचारलंत. बाळंतिणीला घरी आणल्यावर आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येऊन बाळ बघायचं असतं. सौंसरची आशा म्हणते बाई नागपूरला गेली, नागपूरच्या आशाच्या वहीत तिचं नावच नाही, आणि त्या मधल्या फटीत बाळ पडतं. तुमच्या भागातल्या शहरी आरोग्य केंद्रात आधीच नाव द्या.

पैशाचं म्हणाल तर तिकडच्या एएनएमला (उपकेंद्रातल्या नर्सबाईला) निघण्यापूर्वी भेटा. बाहेरच्या राज्यातली सरकारी प्रसूती संबलला धरतात का, कोणते कागद लागतात, हे तिच्याकडूनच पक्कं करा. आयुष्मान कार्ड असेल तर सोबत घ्या, ते दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या दवाखान्यातही चालतं. तुमच्या जावयांना रागवू नका, मजुरी बुडते तेव्हा हिशेब करावाच लागतो.

आणि हो, रक्त कमी आहे तर सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली का? आपल्या विदर्भात आणि त्या पट्ट्यात हा आजार भरपूर. सोल्युबिलिटी ही पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर पक्कं करायला इलेक्ट्रोफोरेसिस ही दुसरी चाचणी करतात, जावयांचीही करून घ्या. नुसत्या लोहाच्या गोळ्या खात बसण्यात अर्थ नाही.

पांढुर्णाकर:
अजून एक. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, म्हणजे दाखला नागपूर महानगरपालिकेचा मिळेल. २१ दिवसांत फुकट. नाव ठरलं नसेल तर नाव न टाकता नोंद करा, नंतर टाकता येतं. आईबापाच्या नावांचं स्पेलिंग मात्र तिकडच्या आधारप्रमाणेच लिहायला लावा, नाहीतर पुढे समग्रमध्ये बाळ जोडताना चकरा होतात.

धागाकर्ती:
सिकलसेलची झाली नाही म्हणते. सोमवारी डागाला घेऊन जाते. सासूबाई पण सोबत यायचं म्हणून राहिल्या आहेत.