कार्डाचा नंबर ईमेलने आलाय, रक्कम कापू का?

बुकिंगडेस्क: एका छोट्या हॉटेलचं बुकिंग मी सांभाळते. काल ईमेल आला: आठ खोल्या, पुढच्याच आठवड्यात. दराची चौकशी नाही, खोल्यांची नाही. कार्डाचा नंबर, मुदत, सीव्हीव्ही सगळं ईमेलमध्येच. कार्डावरचं नाव एक, पाहुण्यांची नावं भलतीच. वर विनंती अशी की गाडीभाड्याचे पैसेही याच कार्डावरून कापा आणि ते त्यांच्या ट्रॅव्हल एजंटच्या खात्यात भरा, कारण एजंट कार्ड घेत नाही. मालक म्हणतात, मशीनने मंजुरी दिली की झालं. माझा हात धजत नाही.

रात्रपाळी: धजत नाही तेच योग्य आहे. सगळा डाव त्या गाडीभाड्यात आहे, खोल्या नुसत्या दाखवायला. कार्ड बहुधा चोरीचं. तुम्ही एजंटला पाठवलेले पैसे त्याच दिवशी काढले जातील आणि पाहुणे येणारच नाहीत. पुढे खऱ्या कार्डधारकाला स्टेटमेंटमध्ये तुमच्या हॉटेलचं नाव दिसेल. व्हिसाच्या नियमांप्रमाणे अशा तक्रारीला साधारण 120 दिवस मिळतात. म्हणजे तुम्ही हे बुकिंग विसरून गेल्यावर चार्जबॅक (कार्डधारकाच्या तक्रारीवरून पैसे परत घेण्याची मागणी) येईल आणि बँक पूर्ण रक्कम परत ओढेल, गाडीभाड्यासकट.

मालकांना एवढं नक्की सांगा: मंजुरी म्हणजे कार्ड चालू आहे आणि त्यावर मर्यादा शिल्लक आहे, इतकंच. ते कोणाच्या हातात आहे हे मशीनला कळत नाही. नंबर हाताने टाकून कापलेली रक्कम वादात गेली, तर तोटा जवळजवळ नेहमी हॉटेलच्याच माथी येतो. पेमेंट लिंक पाठवली आणि पैसे देणाऱ्याने ओटीपी किंवा बँकेच्या अ‍ॅपमधून ओळख पटवली (थ्री-डी सिक्युअर म्हणतात ते), तर 'हा व्यवहार मी केलाच नाही' या तक्रारीची जबाबदारी सहसा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. म्हणून आज फक्त खोल्यांच्या रकमेची लिंक पाठवा. गाडीभाड्याला स्पष्ट नकार.

जमाखर्च: नावं वेगळी म्हणजे चोरच, असं मात्र धरू नका. कंपनी कर्मचाऱ्यांसाठी भरते, मुलं आईवडिलांसाठी भरतात. त्यांनाही लिंकच द्या, खऱ्या माणसाला त्यात जड काही नाही. आणि परतावा द्यायची वेळ आली तर ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर, दुसऱ्या कुठल्याही खात्यात नाही.

बुकिंगडेस्क: आमच्याकडे नंबर आणि सीव्हीव्ही बुकिंगच्या वहीत लिहून ठेवायची पद्धत आहे. चालतं का?

रात्रपाळी: अजिबात नाही. मंजुरी मिळाल्यावर सीव्हीव्ही साठवायला पीसीआय डीएसएसची (कार्डांच्या माहितीच्या सुरक्षेचे नियम) पूर्ण मनाई आहे, सांकेतिक रूपातसुद्धा. ती पानं आजच बारीक फाडून टाका. तो ईमेलही पुसा, कचरापेटीतूनही. पाहुण्यांनी विश्वासाने दिलेला नंबर काउंटरवर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला पडतो, याचा मला खरंच राग येतो.

शिवाय बुकिंग पोर्टलच्या लॉगिनला दुहेरी पडताळणी लावा. तो पासवर्ड चोराला मिळाला की तो तुमच्याच नावाने पाहुण्यांना 'कार्ड पुन्हा पडताळा, नाहीतर बुकिंग रद्द' असे संदेश पाठवतो. खऱ्या तारखा, खरं नाव, ओळखीचा चॅट. पाहुण्याने संशय घ्यावा तरी कशावरून?

बुकिंगडेस्क: लिंक पाठवली. लगेच उत्तर: 'लिंक उघडत नाही, मशीनवर हातानेच टाका', आणि सोबत दुसऱ्या कार्डाचा नंबर.

रात्रपाळी: दुसरं कार्ड, तेही इतक्या लगेच? खोल्या मोकळ्या करा आणि दोन्ही कार्डांबद्दल, ज्या बँकेने तुम्हाला मशीन दिलंय तिला आजच कळवा. त्या कार्डांचे खरे मालक कुठेतरी बेखबर बसले असतील.