मदत हवी आहे: फ्रान्सहून घरच्यांसाठी खाऊ काय आणू?

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आम्ही दोघं दिजों आणि एक्स-आं-प्रोव्हान्सला जातोय. विमानतळावरची चॉकलेटं आणायची नाहीत, त्या त्या गावचंच काही आणायचं आहे.

खरी अडचण सासूबाईंची. त्या अंडं खात नाहीत. एक्सचे कालिसों, म्हणजे बदाम आणि पाकवलेल्या खरबुजाच्या वड्या, त्यांना नक्की आवडले असते. पण वरच्या पांढऱ्या साखरेच्या थरात अंड्याचा पांढरा बलक असतो. मोंतेलिमारच्या नुगा या मिठाईतही तेच. म्हणून आता फ्लाव्हिन्यीच्या अ‍ॅनिसच्या (बडीशेपेसारख्या चवीच्या बियांच्या) गोळ्यांवर नजर आहे. दिजोंच्या वायव्येला असलेल्या त्या लहानशा गावात अ‍ॅनिसच्या एकेका दाण्यावर साखरेच्या पाकाचे थर चढवत वाटाण्याएवढी गोळी करतात. त्याला सुमारे 15 दिवस लागतात! लंबगोल पत्र्याच्या डबीत मिळतात. जेवणानंतर बडीशेप चघळणाऱ्या माणसाला याहून चांगली भेट कुठली? कुणी खाल्ल्या आहेत का?

दिजोंची मोहरी, म्हणजे मोहरीची पेस्ट, तर घेणारच. पण ती विमानात हातातल्या सामानासाठी असलेल्या 100 मिलीच्या नियमात येते, त्यामुळे काचेची बरणी चेक-इन बॅगेतच टाकावी लागेल. फुटू नये म्हणून तुम्ही कशी बांधता?

आणि गेरांदचं मीठ, फ्लर द सेल. ते मुळातच जरा ओलसर असतं. मुंबईच्या पावसाळ्यात कसं टिकवलंत?

बाबांसाठी तिखटात काही सुचवा. एस्पलेतची मिरची आपल्या जिभेला सौम्य लागेल असं वाटतं.