अलिक्विपाचा पंप: दोष ‘११११’ घालून विकणाऱ्याचा की तो न बदलणाऱ्याचा?

बिनतारी_संदेश
पेनसिल्व्हेनियातलं अलिक्विपा, पिट्सबर्गजवळचं जुनं पोलाद कारखान्याचं गाव. २५ नोव्हेंबर २०२३ ला तिथल्या पाणीयोजनेच्या बूस्टर स्टेशनवर (पाण्याचा दाब वाढवणारं पंपघर) पीएलसीच्या, म्हणजे पंप चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकाच्या, पडद्यावर मजकूर झळकला: तुम्ही हॅक झाला आहात, इस्रायली बनावटीचं प्रत्येक यंत्र आमचं लक्ष्य आहे. खाली नाव ‘सायबर अ‍ॅव्हेंजर्स’. अमेरिकी सरकारच्या म्हणण्यानुसार ही टोळी इराणच्या रिव्होल्युशनरी गार्डशी जोडलेली. यंत्र युनिट्रॉनिक्स या इस्रायली कंपनीचं, व्हिजन मालिकेतलं. कारखान्यातून येतानाचा पासवर्ड ११११, नेटवर्कवरून आत शिरायचं दार, म्हणजे पोर्ट, तेही ठरलेलं २०२५६, आणि थेट इंटरनेटवर उघडं. अलार्म वाजला, माणसं धावली, पंप हाताने चालवले. पाण्याला काही झालं नाही.

सगळे गावावर तुटून पडले, साधा पासवर्ड बदलता येत नव्हता का म्हणून. मला हे पटत नाही. जगभर एकच पासवर्ड घालून माल विकायचा, हाच सॉफ्टवेअरमधला दोष. सॉफ्टवेअरमधल्या दोषांच्या जागतिक यादीत सीव्हीई-२०२३-६४४८ असा क्रमांकही मिळाला त्याला, तीव्रता १० पैकी ९.८. आणि कंपनीने डिसेंबरात व्हिजिलॉजिक (या यंत्रांचा प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) ९.९.०० काढून पासवर्ड बदलणं सक्तीचं केलं. बोभाटा झाल्यावर महिन्याभरात जमलं, मग आधी काय अडलं होतं?

पॅनलवाला_भोसरी
९.८! रात्री दोनला कमिशनिंगला, नवं पॅनल पहिल्यांदा चालू करायला, उभं राहिलात का कधी? व्हिजनच्या तोंडावरचं i बटण दाबून धरलं की पासवर्ड मागतो, ११११ टाकलं की इन्फो मोड उघडतो, कुठला इनपुट येतोय कुठला नाही ते तिथेच कळतं. पॅनल बांधणारा एक, प्रोग्राम लिहिणारा दुसरा, तो नोकरी सोडून गेलेला, क्लायंटकडे फाइल नाही. अशात भलताच पासवर्ड निघाला तर प्लांट बंद, आणि मालक डोक्यावर.

पीएलसी कुलूपबंद पॅनलमध्ये असायचा, तेच त्याचं संरक्षण होतं. त्याला स्टॅटिक आयपीचं (इंटरनेटवरचा कायमचा पत्ता असलेलं) सिम लावून बाहेर कोणी काढलं? कंपनीने नाही.

बिनतारी_संदेश
बाहेर काढतो तुमचाच जातभाई, सगळी यंत्रणा जोडून देणारा इंटिग्रेटर. ‘साहेब, घरबसल्या मोबाइलवर टाकीची लेव्हल दिसेल.’ आणि पासवर्डावाचून अडकण्याची भीती म्हणाल, तर सिसाच्या (अमेरिकेची सरकारी सायबरसुरक्षा संस्था) नंतरच्या सुधारित इशाऱ्यात वाचा. किमान ७५ यंत्रं हॅक झाली, त्यातली ३४ अमेरिकेच्या पाणीयोजनांमधली. काही ठिकाणी त्यांनी मूळ लॅडर (पीएलसीचा प्रोग्राम) पुसून स्वतःचं घातलं, यंत्राचं नाव बदललं, अपलोड-डाउनलोड बंद केलं, पोर्टही बदलून ठेवलं. तुमच्या सोयीच्या ११११ ने मालकालाच बाहेर ठेवलं की नाही?

नळपाणी_निवृत्त
तुम्ही दोघे यंत्राभोवती फिरताय. मी पाणीपुरवठ्यात उभी नोकरी केली, म्हणून सांगतो. अलिक्विपाचे ग्राहक साधारण ६,६००. एवढ्याशा योजनेत आयटीचा माणूस कुठून येणार? ईपीएने, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, मार्च २०२३ मध्ये राज्यांना सांगितलं होतं की पाणीयोजनांची तपासणी करताना सायबरसुरक्षाही बघा. मिसूरी, आर्कान्सा, आयोवा कोर्टात गेली. पाणीपुरवठादारांच्या संघटनाही सोबत, खर्च परवडत नाही म्हणून. जुलैत स्थगिती, ऑक्टोबरमध्ये ईपीएने ते पत्रक मागे घेतलं. पुढच्याच महिन्यात हा प्रकार. आणि गंमत म्हणून सोडू नका. आयर्लंडच्या मेयोमध्ये याच सुमारास अशाच हल्ल्याने एका गावकी योजनेचं पाणी दोन दिवस बंद होतं. इस्रायल-इराणच्या भांडणाशी त्या बिचाऱ्यांचा काय संबंध?

लॅडर_बाई
काकांशी सहमत, बिनतारींशी नाही. सक्तीच्या पासवर्डाचं काय होतं ते सांगते. पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिला जातो, टर्मिनल नंबरांच्या शेजारी. दोन वर्षांनी पुसट होतो, मग त्यावरून कोणीतरी पुन्हा गिरवतं. कागदावर दोष मिटला, झालं.

बिनतारी_संदेश
लिहा की मार्करने! दाराच्या आतलं तेहरानहून वाचता येत नाही. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून घरगुती स्मार्ट वस्तूंना असा सरसकट पासवर्ड देणं बंद केलं. बाळावर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्याला नियम, आणि गावाच्या पंपाला नाही? युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा अशा मालालाही धरतो, पण त्यातल्या मुख्य अटी लागू होणार डिसेंबर २०२७ ला.

पॅनलवाला_भोसरी
नव्या मालाला लावा काय लावायचे ते कायदे. पण आधीच बसवलेल्यांचं काय? ९.९.०० नुसतं माझ्या लॅपटॉपवर टाकून भागत नाही, साइटवर जाऊन कंट्रोलरमध्ये उतरवावं लागतं. मूळ प्रोजेक्ट नसेल तर हात लावायची हिंमत होत नाही. शटडाउन कोण देणार? माझा व्हिजिट चार्ज कोणाच्या नावाने फाडू, कंपनीच्या की ग्रामपंचायतीच्या?

बिनतारी_संदेश
कंपनीच्या. ब्रेकमध्ये खोट निघाली की गाड्या परत बोलावतात, गिऱ्हाइकाला बिल देत नाहीत.

पॅनलवाला_भोसरी
असा कायदा पीएलसीला आहे तो दाखवा, उद्या निघतो. तोवर ज्यांचा एएमसी (वर्षाचा देखभाल करार) माझ्याकडे आहे त्यांच्या राउटरवरचं उघडं पोर्ट फुकटात बंद करून देईन. पासवर्डाला मात्र हात लावणार नाही, आणि तसं सर्व्हिस रिपोर्टवर लिहून सही घेईन.